माझ्यात पाच काडतुसं जातात

पहिलं

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे, आणि माझा एका माणसावर राग आहे. जन्म, बालपण, कामाचे दिवस असं ओळीने सांगायची पद्धत असते हे मला ठाऊक आहे. मी मात्र राग आधी सांगणार.

त्या माणसाचं नाव ड्वेन.

जन्माला दोन वाक्यं पुरतात. १९५१ साली एका कारखान्यात पोलादाच्या कांबीतून माझी नळी कोरून काढली आणि तिला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता जोडला. त्याच हिवाळ्यात टेक्सासमध्ये, ह्यूस्टनच्या पश्चिमेला जो सपाट भातशेतीचा मुलूख आहे, तिथल्या एल्मर नावाच्या शेतकऱ्याने मला घरी नेलं.

एल्मर बुटका होता. त्याने माझा दस्ता इंचभर कापून घेतला, म्हणजे मी त्याच्या खांद्याला नीट बसेन. दर नोव्हेंबरमध्ये उत्तरेकडून पांढरे हंस हजारोंनी उतरत. पहाटे आम्ही जात असू आणि परतल्यावर तो आधी मला पुसत असे, मग स्वतःचे ओले मोजे काढत असे. तेलात भिजवलेली चिंधी नळीतून तीनदा जायची. गावात माझं नाव होतं. लोक म्हणायचे, "एल्मरने बंदूक उचलली की हंस स्वतःच पिसं उपटायला लागतात." मी हे ऐकून घेत असे. अठ्ठावीस वर्षं ऐकलं.

एल्मर गेला आणि मी त्याच्या पुतण्याकडे आले. तोच ड्वेन. त्याने चिखलात रुतलेली होडी माझ्या दस्त्याने ढकलली. ट्रकचं दार वाऱ्याने मिटू नये म्हणून मला मध्ये उभं केलं. एक अख्खा आठवडा मी त्याच्या होडीच्या तळाशी पाण्यात पडून होते. गंज चढतो तेव्हा आवाज होत नाही, मित्रांनो, नाहीतर तुम्हाला ऐकवला असता. शेवटी नवी कोरी ऑटोमॅटिक घ्यायला तो ओडेलच्या दुकानात गेला, तेव्हा मला काउंटरवर टाकून म्हणाला, "ही काठी ठेवून घ्या."

काठी.

मी तो शब्द नळीत ठेवून दिला. तिथे दुसरं काही नव्हतंच.


दुसरं

ओडेलने माझा गंज घासून काढला आणि मला मागच्या रॅकवर लावलं. तिथे मी चार वर्षं होते. रॅकवरून माणसं दिसतात आणि ऐकूही येतात, हा तिथला एकच फायदा.

१९८३च्या नोव्हेंबरात ड्वेन काडतुसं घ्यायला आला. तो आता तिथल्या भात संशोधन केंद्रात शेतावरचा मुकादम होता, आणि सुट्टीच्या दिवशी बाहेरगावच्या लोकांना शिकारीला नेण्याचा जोडधंदा करत होता. केंद्राला लागूनच त्याने त्यासाठी शेत भाड्याने घेतलं होतं. ओडेल आतल्या खोलीत होता. ड्वेनने बरोबरच्या गिऱ्हाइकाला हळूच सांगितलं, "हंस कसे येत नाहीत बघू! केंद्रात पाखरं उडवायची गॅसची तोफ आहे ना, दर दहा मिनिटांनी धडाम करते, ती मी दोन दिवस बंद ठेवली. एका इंडियन पोरीचे आठ वाफे उभे होते. बाकी सगळ्यांचं भात ऑगस्टमध्येच निघालं. उतरले ना दहा हजार! आता त्यांना त्या बाजूची चटक लागली."

"आणि ती पोरगी?"

"रडली असेल. गवतच होतं ते."

दोन आठवड्यांनी ती पोरगी दुकानात आली.

तिचं नाव सुलेखा. दापोलीची. उंचीने जेमतेम पाच फूट, जाड चष्मा आणि घोट्यापर्यंत सुकलेला चिखल. कोकणातलं एक जुनं, बुटक्या जाड दाण्याचं भात इथल्या लांब दाण्याच्या भाताशी जुळवून ती चार वर्षं नवं वाण तयार करत होती. तिचं भात उशिरा पिकायचं, म्हणून नोव्हेंबरात फक्त तिचेच वाफे उभे होते. मागच्या वर्षीच्या बियाण्याचं एक पोतं गोदामात होतं, पण ऑक्टोबरात ड्वेनने तिला सांगितलं होतं की त्यात उंदीर झाले, फेकून द्यावं लागलं. आणि नोव्हेंबरात वाफे गेले. म्हणजे त्या वाणाचा आता जगात कुठेही एक दाणा उरला नव्हता. तिच्या पीएचडीच्या गाईडने एका वर्षाची मुदत दिली होती. पण पेरायचं काय?

हे सगळं मला तिच्या बोलण्यातून कळलं. तिच्यासोबत प्रल्हाद होता. नागपूरचा, ह्यूस्टनला मेकॅनिकलचं एमएस करणारा. त्याच्याकडे गाडी होती आणि सतत बोलायची सवय होती.

"मला हंस मारायचेत," सुलेखा ओडेलला म्हणाली.

"किती, मॅडम?"

"सगळे."

ओडेलने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. प्रल्हाद मराठीत कुजबुजला, "अगं, सरस्वतीचं वाहन आहे ते. त्याला मारून पीएचडी कशी मिळणार तुला?"

"पीएचडी त्याच्याच पोटात गेलीय. काढायला नको?"

"यार, तुझ्या घरी अंडं आणलं तर ते गॅलरीत उकडतात. आणि तू डायरेक्ट बंदूक?"

"तू गप्प बसायचे काय घेशील?"

ओडेलने काउंटरवर आधी एक वीस बोअरची ठेवली. म्हणाला, पहिलीच बंदूक आहे, ही हलकी, धक्का कमी देते. बदकाला ठीक. पण हंस मोठा पक्षी, पिसांचे थरावर थर, त्याला बारा बोअरची मोठी नळी बरी. मग एक दुनळी दाखवली, मग एक ऑटोमॅटिक. सुलेखाने प्रत्येक बंदूक प्रयोगशाळेतल्या बाटलीसारखी फिरवून पाहिली.

"डोळे मिटा," ओडेल म्हणाला. "आता बंदूक खांद्याला लावा. उघडा. काय दिसतं?"

"नळीची फक्त मागची बाजू."

"मग दस्ता तुम्हाला लांब पडतोय. बंदूक डोळ्यांनी निवडायची नसते, खांद्याने निवडायची."

सगळ्या तिला लांबच पडत होत्या. शेवटी ओडेल मागे वळला आणि चार वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी मला रॅकवरून खाली घेतलं. सुलेखाने डोळे मिटले, मला खांद्याला लावलं आणि उघडले. नळीच्या टोकावरचा पितळी मणी नेमका तिच्या नजरेत होता. एल्मरने कापलेला तो इंच!

"ही," ती म्हणाली.

मित्रांनो, मला निवडलं याचा आनंद झाला असं म्हणायला हवं. पण मला वेगळंच काही वाटलं. ही मुलगी हंसांवर सूड घ्यायला निघाली होती आणि खरा चोर कोण ते मला माहीत होतं. तिचा राग आणि माझा राग एकाच माणसाचा पत्ता शोधत होते, फक्त तिला तो माहीत नव्हता. मला बोलता येत नाही. आलं असतं तरी त्या क्षणी मी बोलले नसते. हंस निर्दोष आहेत कळलं असतं, तर तिने मला परत रॅकवर ठेवलं असतं.

मग काडतुसं. ओडेलने खोके मांडले. आकडा लहान तितका छरा मोठा, हे त्याने समजावलं. चार नंबर बदकाला, दोन नंबर दोघांना चालेल, आणि त्याहून मोठे खास हंसांसाठी. पोलादी छरे नवीन आले होते. "ते या बंदुकीतून मारू नका. हिच्या नळीचं तोंड आवळलेलं आहे, जुन्या पोलादाचं आहे, फुगेल. हिला शिशाचेच."

"सगळ्यात जास्त कुठल्याने दुखतं?" सुलेखाने विचारलं.

ओडेलने हातातलं खोकं खाली ठेवलं. "थोडक्यात चुकलेल्याने. चाळीस पावलांच्या पलीकडे मारू नका, मॅडम. पक्षी जखमी होऊन निघून जातो आणि चार दिवसांनी कुठेतरी मरतो."

"आणि जे छरे चिखलात पडतात? ते हंस खडे समजून गिळतात ना? मी वाचलंय. शिसं भिनून मरतात. आठवडे लागतात."

"हो," ओडेल म्हणाला. "म्हणूनच पोलादी काढले. आज ना उद्या शिशावर बंदी येणारच."

हे खरं आहे. अठ्ठावीस वर्षं माझी स्तुती झाली ती पडलेल्या पक्ष्यांसाठी. न लागलेले छरे कुणी मोजले नाहीत.

सुलेखाने शिशाच्या दोन नंबरचं खोकं स्वतःकडे ओढलं. "चालेल," ती म्हणाली.

तिचं ते "चालेल" मला तेव्हा फार आवडलं होतं. हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

लायसन्स झालं. बदकाचं चित्र असलेलं सरकारी तिकीट त्यावर चिकटलं. ओडेलने माझ्या पोटातली, काडतुसं बसतात ती नळी उघडून दाखवली. "यात लाकडाची एक काडी आहे. तिच्यामुळे तीनच काडतुसं जातात. हंस-बदकांना तीनच, असा कायदा आहे. काडीला हात लावू नका." सुलेखाने मान डोलावली. प्रल्हाद तेव्हा दुकानाबाहेर सिगारेट ओढत होता.

ओडेलने तिला स्वतःच्या शेताचा बांधही देऊ केला. "माझा चर ओलांडला की ड्वेनने भाड्याने घेतलेलं शेत. हंस सगळे तिथेच उतरतात, का कोण जाणे. माझ्या बांधावरून जाता-येता मिळतील."


तिसरं

सुलेखाच्या घरी आल्यावर प्रल्हादने मला जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून उघडलं. "मेकॅनिकलवाल्याला द्यायचं हे काम," म्हणाला. त्याने टोपण फिरवलं, स्प्रिंग उडाली आणि लाकडाची काडी घरंगळत फ्रिजखाली गेली.

"बघ यार, पॅकिंगचं लाकूड आतच राहिलंय! अमेरिकन क्वालिटी कंट्रोल!" त्याने ती काडी काढली आणि स्वयंपाकघराची खिडकी कायम खाली घसरायची, तिच्या फटीत ठोकली. खिडकी तेव्हापासून उघडी राहू लागली. या एका गोष्टीचा त्याला किती अभिमान होता!

हंसांना फसवायला त्या मुलखात शेतात पांढऱ्या चिंध्या पसरतात. वरून पाहिलं की खाली हंस चरताहेत असं वाटतं. सुलेखाने प्रल्हादचं धोतर मागितलं.

"आईने गणपतीसाठी दिलंय ते!"

"गणपती झाले. पुढच्या वर्षी पँट घालून आरती कर."

"सुलेखा, तू फार बदललीस गं."

"माझे आठ वाफे होते, प्रल्हाद. मी त्यांना नावं नाही दिली, नंबर दिले. तरी रोज सकाळी एक ते आठ अशी हजेरी घ्यायचे." तिने कात्री लावली. धोतराचे चोवीस तुकडे झाले.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, पूर्व नुकती राखाडी होत असताना, ती एकटी ओडेलच्या बांधावर आडवी झाली. अंगावर पांढरी चादर. तिने काडतुसं भरायला घेतली. एक. दोन. तीन. थांबायला हवं होतं. अंगठा आपोआप पुढे गेला, आणि चौथं गेलं. तिला आश्चर्य वाटलं हे मला कळलं, कारण तिचा हात क्षणभर थबकला. तिला खिडकीची फट आठवली असणार. मग तिने पाचवंही ढकललं.

मित्रांनो, चुकून झालं असं पुढे प्रल्हाद सगळ्यांना सांगत असे. काडी त्याने चुकून काढली. चौथं आणि पाचवं कुणीही चुकून भरलं नाही.

मग ते आले. तुम्ही कधी दहा हजार पक्ष्यांचा आवाज ऐकलाय? कुत्री भुंकावीत आणि वरून भुंकावीत, तसा. सुलेखा उठून बसली. पहिला बार आभाळाला लागला. दुसराही. तिसऱ्या बाराला एक हंस पंख मिटून तीस पावलांवर धप्पकन पडला.

तीन झाली. कायद्याने माझी गोष्ट इथे संपते.


चौथं
(हे माझ्यात असायला नको होतं)

हंस अजून ऊबदार होता. सुलेखाने त्याला मांडीवर घेतलं, आणि मला वाटलं आता ही रडेल. ती रडली नाही. तिने खिशातून लोंब्या कापायचा चाकू काढला.

बदला घ्यायचा म्हणजे तिच्या मते काय, तर मोजायचं. या हंसाने आपलं किती खाल्लं ते तिला पाहायचं होतं. वाफे जाऊन महिना झाला होता आणि पक्ष्याच्या गळ्यात महिन्यापूर्वीचं अन्न राहत नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरीही तिने कापलं. हंसाला कोंबडीसारखी वेगळी पिशवी नसते, ताजं खाल्लेलं लांब गळ्यातच साठतं. तिने गळा उभा चिरला आणि तळहातावर रिकामा केला.

हिरवं गवत. थोडा चिखल. आणि भाताचे सालीसकट दाणे.

तिने चष्मा पुसला. दाणे बुटके आणि जाड होते. त्या सगळ्या मुलखात असा दाणा कुणाचाही नव्हता. आणि ते गुलाबी होते. साठवणीच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून ते गुलाबी औषधात घोळवतात. तिच्या पोत्यातलं बियाणं तिने स्वतः, या हातांनी घोळवलं होतं. वाफ्यातलं भात गुलाबी नसतं.

म्हणजे हे आज सकाळचं खाणं होतं. उंदरांनी नासलेलं म्हणून फेकलेलं पोतं आज सकाळी हंसाच्या गळ्यात होतं. गोदामाची किल्ली एकाच माणसाकडे असायची. आणि हंस सगळे एकाच माणसाच्या शेतात उतरत होते. शिकारीसाठी दाणे टाकून पक्षी बोलावणं हा तिथे मोठा गुन्हा आहे.

मी चार आठवडे ज्या क्षणाची वाट पाहत होते तो तिच्या ओठांवर आला. ती इतकंच म्हणाली, "ड्वेन."

आणि चरावरची फळी ओलांडून तोच येत होता. हातात कॉफीचा थर्मास, अंगावर पांढरा कोट.

"सू! एक पाडलास म्हणे! आवाज ऐकला." मग त्याने मला पाहिलं. "अरे, ही तर एल्मरकाकाची काठी. अजून उडते?"

"उडते," सुलेखा म्हणाली. "ड्वेन, नोव्हेंबरात तोफ का बंद होती?"

"गॅस संपला होता."

"दोन दिवस?"

तो हसला. "सू, पाखरांनी पण कुठेतरी बसायला हवं ना? तू अजून ते गवत मनाला लावून घेतेस? घरी जा, लग्न कर, भात शिजव." आणि बोलता बोलता त्याची नजर हंसाच्या उघड्या गळ्यावर गेली. तिची मूठ मिटलेली होती. तो मुठीकडे पाहत राहिला. हसू तसंच राहिलं, फक्त त्यात आता काही नव्हतं. "बरंय," म्हणून तो वळला आणि भराभर फळीकडे चालू लागला.

मी सुलेखाच्या मांडीवर, हंसाशेजारी आडवी होते. माझं तोंड त्याच दिशेला होतं. दहा पावलं. पंधरा. माझ्यात चौथं तयार होतं, त्यामागे पाचवं. तिचा उजवा हात माझ्यावर आला. सुरक्षेचा खटका सरकला. तर्जनी चापावर ठेवली गेली.

मित्रांनो, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. मी तिला थांबवत नव्हते. मी म्हणत होते, पितळी मणी त्याच्या पाठीवर ठेव. वीस पावलं, सुलेखा, चुकायचं नाही. होडी आठव. तुला होडी कशी आठवेल? मग तुझे वाफे आठव. एक ते आठ. हजेरी घे. घे हजेरी. दाब, आता दाब, आणि तिने


पाचवं

नळीखालचा पंप मागे ओढला. चौथं काडतूस चिखलात पडलं. पुन्हा ओढला. पाचवंही पडलं. तिने माझ्या पोटात बोट घालून मी रिकामी आहे याची खात्री केली आणि मला बांधावर ठेवलं. पाचव्यात माझ्याकडे उडवायला काही नाही, फक्त उरलेलं सांगायचं आहे.

पलीकडे ट्रॅक्टर सुरू झाला. ड्वेनने नांगराचे तवे लावले आणि शेत उलटंपालटं करू लागला. अर्ध्या तासात वर काळा चिखल राहिला असता आणि त्यात एक गुलाबी दाणा कुणाला सापडला नसता. आता पुरावा फक्त तिच्या मुठीत होता. बियाणंही तेवढंच होतं.

तिने रुमालावर दाणे मोजले. अख्खे एकसष्ट.

ती ओडेलच्या घरी गेली, तिथून तिने शिकारखात्याला फोन केला आणि मग प्रल्हादला. अकरा वाजता वॉर्डन आला. उंच, संथ, प्रत्येक गोष्ट वहीत लिहिणारा. ड्वेनचं नांगरलेलं शेत त्याने दुरूनच पाहिलं. डिसेंबरात कुणी उगाच नांगरत नाही, एवढं त्यालाही कळत होतं. पण म्हणाला, "कोर्टात चिखल चालत नाही. पक्षी आणि त्यात सापडलेलं सगळंच्या सगळं मला लागेल. पिशवी सील होईल, खटला संपेपर्यंत उघडणार नाही."

"किती दिवस?"

"वर्ष. कधी दोन."

तिच्याकडे मुदत होती एका वर्षाची. सगळे दाणे दिले तर ड्वेन अडकतो आणि वाण कपाटात मरतं. नाही दिले तर वाण वाचतं आणि ड्वेन उद्या पुन्हा थर्मास घेऊन फिरतो. मला विचाराल तर मी म्हटलं असतं, सगळे दे, आणखी असतील तर तेही दे.

"बंदूक बघू," वॉर्डन म्हणाला. ही त्याची रीतच होती.

त्याने काही करायच्या आधी सुलेखा बोलली. "हिच्यात पाच जातात. मी पाच भरली होती."

प्रल्हाद नुकताच पोचला होता. त्याने कपाळावर हात मारला. "अगं, सांगायची काय गरज होती? काडी खिडकीत आहे, मी घेऊन येतो ना!"

"प्रल्हाद, मी पाच भरली होती."

वॉर्डनने वही उघडली. मग लिहिलं. माझ्या चापाच्या कडीला कागदी चिठ्ठी बांधली. दंड होईल, बंदूक जप्त होईल, या मोसमाचं लायसन्स गेलं, हे सगळं त्याने जवळजवळ माफी मागितल्यासारखं सांगितलं. मग त्याने सीलची पिशवी उघडली. सुलेखाने हंस दिला आणि रुमाल पालथा केला. त्याने चिमट्याने दाणे मोजले.

"सत्तावीस. एवढेच?"

"एवढेच," सुलेखा म्हणाली.

जी बाई स्वतःच्या विरुद्ध न विचारता खरं बोलली, तिच्यावर कोण संशय घेणार? वॉर्डनने सील लावलं. बाकीचे चौतीस दाणे माझ्या तिसऱ्या बाराच्या रिकाम्या काडतुसात होते, धोतराच्या चिंधीचं बूच लावून, तिच्या मोज्यात. हे फक्त मला माहीत होतं. आता तुम्हाला. त्या एका क्षणी मला ती एल्मरपेक्षा जवळची वाटली.

सत्तावीस पुरले. गोदामाच्या वहीत ड्वेनची सही होती, औषधाचा रंग जुळला, दाण्याचा बुटकेपणाही जुळला. त्याची नोकरी गेली, भाड्याचं शेत गेलं, पाच वर्षं शिकारीला बंदी आली. त्याची ती कोरी ऑटोमॅटिक जप्त होऊन शिकारखात्याच्या कार्यालयात माझ्याच कपाटात आली. पहिल्या उन्हाळ्यात तिच्या नळीवर गंजाचा ठिपका आला. मी त्याची वाढ रोज पाहिली. मला फार बरं वाटलं. बदल्याने समाधान होत नाही असं मोठी माणसं सांगतात. माझं झालं.

पण सगळं नाही झालं. दंड भरल्यावर मला परत नेता येत होतं. १९८५च्या वसंतात सुलेखा कार्यालयात आली, सोबत ओडेल. तिला डिग्री मिळाली होती. ओडेलने हळूच विचारलं, किती उगवलं होतं गं? ती म्हणाली, "चौतीसमधले बावीस. या वर्षी दोन एकर आहे." तिने कपाट उघडायला लावलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "मला ही नको" अशा कागदावर सही केली. मला हात लावला नाही. तिचाही मला राग येतो. कमी येतो, पण येतो.

आता १९८९ चालू आहे. पुढच्या महिन्यात जप्तीच्या बंदुकांचा लिलाव आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी मी येईन. म्हणून मित्रांनो, हे नीट ऐका. मला कोरडी ठेवा. तेलाची चिंधी नळीतून तीनदा फिरवा. शिशाचे छरे पाण्यात पाडू नका, ते मी विसरल्यावरही मारत राहतात. पोटातली लाकडाची काडी जागेवर ठेवा. मी रिकामी आहे असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका, स्वतः बोट घालून पाहा. आणि मला कुलपात ठेवा.

माझी दया येते म्हणून नव्हे. म्हातारी झाले, अंगावर चिठ्ठी आहे, बिचारी आहे, म्हणून नव्हे. त्या सकाळी वीस पावलांवर पाठ होती, आणि चापावरचं बोट सुलेखाचं होतं म्हणून तो माणूस चालत घरी गेला. माझ्यावर सोपवलं असतं, तर गेला नसता.